पालथी पायली

वऱ्हाडातल्या मालेगावाहून किन्हीराजाकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला जे काही लिहिलेलं होतं, ते बदरुद्दीनच्या छिन्नीनं लिहिलेलं होतं. मैलाचे दगड त्याचे. नाल्याजवळ बिबट्यानं गाडीवान नेला, तिथला दगड त्याचा. तापाच्या साथीत ओस पडलेल्या वाडीच्या तोंडाशी उभा आहे, तोही त्याचाच. त्याला स्वतःला मात्र अक्षर वाचता येत नव्हतं. पटवारी गेरूनं रेघा ओढून द्यायचा आणि बदरुद्दीन त्या रेघांवरून छिन्नी फिरवायचा. कुठं कोण मेलं हे वाचणाऱ्याला कळे. याला कळे ते फक्त दगड मऊ की कठीण.

एका दगडाचं मात्र त्याला सगळं ठाऊक होतं.

तो तळ्याच्या वळणावर होता. मोठ्या दुष्काळात तिथं खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं, आणि मजुरांना ज्वारी मापून द्यायला रामधन मुकादम होता. एक कान फाटका, आवाज गोड. बदरुद्दीन तेव्हा लहान. त्याची माय हाजराबी त्याला घेऊन रांगेत उभी राहायची. रांग अर्धी सरली की रामधन मापाची पायली जमिनीवर पालथी घालायचा, तिच्यावर पाय द्यायचा आणि म्हणायचा, "सरलं." मागच्या अंगानं पोत्यांच्या गाड्या कामरगावच्या बाजाराकडे निघून जायच्या. पायली पालथी घालू नये, घरची बरकत उलटते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. हाजराबी एक दिवस रांगेतच खाली बसली, हात पुढे केलेला, आणि तशीच राहिली. जवळच्या तांड्यावरच्या गोमतीबाईची दोन लेकरं त्याच सुमारास गेली.

पुढं जर्मनची पहिली लढाई संपली, रामधनचा रामधनसेठ झाला. रान त्याचं, तळ्याकाठची जमीन त्याची, बदरुद्दीन ज्या खदानीवर राहायचा ती खदानही त्याची. मग त्यानं वळणावर दगड लावायचं काढलं. पटवाऱ्यानं गेरूनं लिहून दिलं, वाचूनही दाखवलं: दुष्काळात रामधनसेठ यांनी येथे अन्न देऊन हजारो जीव वाचवले.

बदरुद्दीन ती अक्षरं कोरत होता तेव्हा गोमतीबाई गवताचा भारा टेकवून शेजारी बसली.

"काय लिवून राह्यला रे, बदरू?"

"जे लिवून देल्लं ते."

"वाच बरं."

"मले येते का वाचता? सेठनं लोकं जगवले म्हणते पटवारी."

गोमतीबाई हसली. तोंडात दात उरले नव्हते. "मंग खोटं कुठी हाय? तू अन् मी जगलोच न."

"खदान त्याची हाय, गोमतीबाई. घर त्याच्या जागेत. उद्या माह्या पोरानं, तय्यबनं, कुठी जावं?"

"म्या काई म्हटलं का? कोर बापा, कोर." ती भारा उचलून निघून गेली.

त्या दिवशी त्याची अक्षरं वाकडी पडू लागली. रस्त्याच्या दगडाला बूड असतं, जमिनीत गाडायचा भाग. तो कोणी घडवत नाही, ओबडधोबडच ठेवतात. बदरुद्दीननं त्या बुडावर छिन्नी ठेवली. त्याच्या बापानं दळायची जाती घडवली, कबरीचे दगड घडवले, पण तस्वीर कधी कोरली नाही. तो सांगायचा, जीवाची तस्वीर करणाऱ्याला कयामतीच्या रोजी अल्ला म्हणेल, आता हिच्यात जीव घाल. मग तू काय घालशील? बदरुद्दीनला हे आठवत होतं, तरी हात थांबला नाही. त्यानं वर उचललेला पंजा कोरला, मनगटात बांगड्या कोरल्या, खाली मायचं तोंड. तळाशी एक माणूस, डावा कान फाटका, पाय पालथ्या पायलीवर. हे फक्त मातीला दाखवायचं होतं.

दगड कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यानं घाई केली. मुरूम लागेस्तोवर खड्डा नेला नाही, काळ्या मातीतच दगड उभा केला. ही चूक वऱ्हाडात नवशिक्याही करत नाही. काळी माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते, आणि पोटात घातलेलं दर साली थोडं थोडं वर लोटते.

काही वर्षांनी अक्षरांच्या खाली बोटांची टोकं दिसली. गवत कापताना तांड्यावरच्या हिरीबाईला ती प्रथम दिसली, आणि सांजेपर्यंत त्यांना शेंदूर लागला. देवी वर येऊन राह्यली, अशी पंचक्रोशीत बोलवा झाली. बदरुद्दीन मैलाचे दगड सारखे करायच्या निमित्तानं जायचा, बुडाशी माती लोटायचा. पाऊस ती धुऊन न्यायचा. एका साली तळवा आला. मग बांगड्या आल्या, बायांनी त्यांच्याशी हिरव्या बांगड्या टांगल्या. आणि रामधनसेठ, आता म्हातारा, दर मंगळवारी बैलांच्या धमणीतून येऊन त्या बोटांना कपाळ लावू लागला.

"तुमी जेवत काहून नाही?" बायको सुलतानबी विचारायची.

"तिच्यात जीव येऊन राह्यला," एवढंच तो म्हणायचा. हे तो कोणत्या भीतीनं म्हणतो, ते तिला कळत नव्हतं.

शेवटी सेठनं ठरवलं, देवीला पुरती मोकळी करायची आणि भोवती ओटा बांधायचा. बोलावणं बदरुद्दीनलाच आलं. तांडा लोटला होता. गोमतीबाई सगळ्यांच्या पुढे बसली होती.

"मिस्त्री, जपून," सेठ म्हणाला. "मायच्या अंगाले सब्बल लागू नये."

"देवाले वढू नये, सेठ. येईन ते आपल्या मनानं."

"तेवढा वखत माह्यापाशी नाही राह्यला. खण."

पहार उचलून त्यानं खणलं. मनगट मोकळं झालं, कपाळ आलं, मग डोळे, आत गेलेले गाल. बाया मागे सरकल्या.

"देवीचं तोंड असं काहून हाय व माय?" हिरीबाईनं विचारलं.

"उपाशी हाय," गोमतीबाई म्हणाली.

खाली अजून माती होती. कमरेला छिन्नी होती. एक घाव, मातीखालचा तो फाटका कान उडाला असता, आणि सब्बल लागली म्हणता आलं असतं. घर राहिलं असतं, तय्यबची खदान राहिली असती. बदरुद्दीननं छिन्नी हातात घेतली. गोमतीबाई त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिनं फक्त हात पुढे केला, तळवा वर, रांगेत करायची तसा.

त्यानं छिन्नी परत खोवली आणि तळहातानं माती सारली. आधी फाटका कान निघाला, मग पाय, मग पायली.

वरची अक्षरं तांड्यावर कोणाला वाचता येत नव्हती. खालचं सगळ्यांनी वाचलं. रामधनसेठचा हात हळूहळू आपल्या डाव्या कानाकडे गेला आणि तिथंच राहिला. कपाळावर शेंदूर तसाच होता.

"माती लोट," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. खदानीवरचं घर आता आपलं नाही, हे बदरुद्दीनला कळलं होतं. त्यानं हात झटकले.

"काळी माती हाय, सेठ," तो म्हणाला. "धरत नाही."