गुणाबाईची पत्र्याची भिंत

चाकूरला आमच्या शेजारी गुणाबाई राहते. नवरा गेल्यावर वाटणीत आलेली पडकी खोली तिनं पाडली आणि त्या जागी निळ्या पत्र्यांचं घर उभं केलं. धाकटा दीर शेषेराव त्याला चारचौघांत ‘डबा’ म्हणतो आणि हसतो. गुणाबाई हसत नाही.

दसरा काढायला, म्हणजे सणाआधी घर साफ करायला घेतलं की गल्लीतल्या बायका भिंतींना चुना देतात. गुणाबाई पत्रे धुते, रिठ्याच्या पाण्यानं, जुन्या धोतराच्या मऊ बोळ्यानं. राख, काथ्या जवळ येऊ देत नाही. कुठं ओरखडा दिसला तर लगेच त्यावर रंगाचं बोट फिरवते. पत्र्याला एकदा भोक पडलं की घर गेलं, असं तिचं म्हणणं.

यंदा ऐन दसऱ्याच्या तोंडावर ती लेक सुकन्येला घेऊन उदगीरला बहिणीकडे गेली होती. परतली ती सुकन्येला बघायला पाहुणे येणार त्याच दिवशी सकाळी. पाहते तर पुढची भिंत पांढरीफटक. शेषेरावानं पहाटेच स्वतः चुना लावला होता. तो टिकावा म्हणून आपल्याकडे घालतात तसं त्यात मीठही घातलं होतं. मातीच्या भिंतीला ते चालतं. पत्र्याला मीठ म्हणजे गंजाला आवतण.

पदर खोचून ती स्टुलावर चढली आणि भिंत धुवायला लागली. शेषेराव धावत आला.

“वैनी, पाहुणे यायलेत. डब्यातली पोरगी म्हणतील.”

“म्हणू द्या. दहा वर्सं ह्या डब्यात पाय ठेवला न्हाई तुम्ही. आज न इचारता भिंतीला हात लावला.”

पाहुणे आले तेव्हा अर्धी भिंत निळी, अर्धी पांढरी होती. त्यांना आत बसवायला तिनं सुकन्येला सांगितलं. स्वतः खाली उतरली नाही. पत्र्याच्या पन्हळीतून पांढरं पाणी ओघळत होतं. मुलाची आई दारातून बघत राहिली. शेषेरावानं घाम पुसला आणि बादली उचलली.

“आधी मिठाचे हात धुवा,” गुणाबाई म्हणाली.

त्यानं धुतले. मग पाणी देत राहिला.

पाहुण्यांना चहा सुकन्येनं दिला. दिराचा कप गुणाबाईनं आणला, पण हातात दिला नाही. ओल्या स्टुलावर ठेवला, आणि पत्र्याच्या खालच्या कडेला चुना राहिलाय का, ते वाकून बघू लागली.