माळ्यावरची थोरली

कोळंबी सोलायच्या कारखान्यात सगळ्या तिला थोरली म्हणत. वयाने मोठी होतीच, शिवाय जिभेला हाड नव्हतं. मुकादम तिच्या गावचा, तिच्या दिराचा दोस्त. त्यानेच या बायकांना इतक्या लांब आणलं होतं. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून सगळ्यांची बोटं कुजलेली. काम संपलं की कारखान्याच्या माळ्यावरच्या एका खोलीत कोंबायचं आणि बाहेरून कडी.

"परक्या मुलखात बायामाणसांची काळजी नको घ्यायला?" मुकादम म्हणायचा.

एका सुट्टीच्या दिवशी तो कडी घालून कुठेतरी गेला आणि इकडे थोरलीच्या धाकट्या जावेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. बायकांनी दार बडवून बडवून हात सुजवून घेतले. तो उन्हं कलल्यावर आला, तोवर पोर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "कडी निघेपर्यंत कुणी पाण्यात हात घालायचा नाही." सगळ्या फाटकाशी बसल्या. जाऊसुद्धा, भिंतीला टेकून.

मुकादम आवाज न चढवता समोर उकिडवा बसला. खिशातून फोन काढून त्याने एकेकीच्या घरी लावला आणि जिचं घर तिच्या हातात दिला. कुणाची सासू रडली, कुणाचा नवरा तडकला, कुणाचा बाप नुसताच "बाई गं" म्हणत राहिला. एकेक बाई पदर झटकून उठली. मग फोन जावेकडे गेला. तिने ऐकून घेतलं आणि फोन मुकादमाला परत दिला.

"काय म्हणाले भावजी?" थोरलीने विचारलं.

"आत जा म्हणाले."

"आणि पोराचं?"

"पोराचं काही विचारलं नाही." जाऊ भिंत धरून उठली. "वन्सं, लेकी, सगळा गोतावळा या मुकादमाच्याच ओळखीवर जगतोय, जाऊबाई. मी कुठे जाऊ?"

थोरली एकटीच उरली. ऊन डोक्यावर आल्यावर तीही आत गेली. मुकादमाने फाटक धरून ठेवलं होतं. "या वहिनी," म्हणाला.

कडी तशीच राहिली. थोरलीला मात्र त्याने मासे कापायच्या शेडमध्ये टाकलं, राहायलाही तिकडेच. तिथल्या बायका आणखी कुठल्या मुलखातल्या, तिची भाषा त्यांना कळत नव्हती. सुरुवातीला ती हातवारे करून दाराकडे, कुलपाकडे बोट दाखवायची. त्यांना वाटायचं, म्हातारीला घरची आठवण येते. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. पुढे तिने हातवारेही सोडले.