सासरेबुवांनी आणलेला कर्णा

लोणावळ्यात त्या काळी सर्वांत उत्तम आवाजाचा रेडिओ माझा होता. हे माझं मत. आणि दुसरं मत द्यायला आमच्या आळीत दुसरा रेडिओच नव्हता.

तो मी स्वतः जोडला होता. (रेल्वेतल्या तारमास्तराला तारा जोडायला कोण शिकवणार?) अडचण एवढीच, की तो कानाला लावायच्या चकतीतून बोलायचा, म्हणजे एका वेळी एकाशीच, तेही कुजबुजत. आणि माझा मेहुणा वसंता मुंबई केंद्रावरून गाणार होता!

शेती सोडून गाण्याच्या नादी लागला म्हणून परंदवडीच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वसंताशी बोलणंच टाकलं होतं.

“अहो, आबांनी एकदा त्याचं गाणं ऐकलं ना, की विरघळतील,” बायको म्हणाली. “पण त्यांना कमी ऐकू येतं. नीट ऐकू गेलं नाही, तर माझ्या भावाला घर बंद ते बंदच.”

“माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

चकती पितळी हंड्यात ठेवून पाहिली. निवेदक विहिरीत पडून हाका मारतोय असं वाटलं. शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनचा कर्णा लावला, तर त्याच निवेदकाला पडसं झालं. तेव्हा नवा, मोठा कर्णाच घ्यायचा ठरलं. आबा पुण्याला बाजाराला जायचेच. मी निरोप धाडला, ‘येताना चांगला मोठा कर्णा घेऊन या.’

ठरल्या दिवशी आबा आले. मागून एक गृहस्थ आले, खांद्यावर पुरुषभर लांबीचा पितळी कर्णा घेऊन. आरतीला फुंकतात तो.

“पुण्याला कशापायी जायाचं?” आबा म्हणाले. “आपल्या देवळातला हाय की. वाजवायला धोंडूभाऊ बी आणलाय.”

“आबा, मला वाजवायला नको होता…”

“मग काय भितीला टांगायचा?”

पण हार मानेल तो तारमास्तर कसला? कर्ण्याचं निमुळतं टोक खिडकीतून आत घेतलं, त्याला चकती लावली आणि फट कणकेनं लिंपली. रुंद तोंड बाहेर ओटीवर, आबांच्या कानाशी. आतलं टोक धोंडूभाऊंनी धरलं. बाजारभाव लागले होते. ज्वारीचा भाव आबांनी ओटीवरून घडाघडा म्हणून दाखवला. मी बायकोकडे अशा काही रुबाबात पाहिलं, की तिनं न मागता चहा टाकला.

वसंताचं नाव पुकारलं गेलं. तंबोरा लागला. वसंतानं ‘आ’ केला, आणि आवाज गप्प. कणीक नळीत सरकली होती.

“काय झालं वं?” आबा बाहेरून ओरडले.

“कायतरी अडाकलंय,” धोंडूभाऊ मला म्हणाले. “नेहमीचंच हाय. कवा कोळ्याचं जाळं, कवा गांधीलमाशी.” आणि मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी चकती तारेसकट उपटली, छाती भरून घेतली आणि कर्णा फुंकला.

शेजारची म्हैस दावं तोडून गेली. आळीतले चार जण, पालखी आली असं समजून, नारळ घेऊन दारात उभे राहिले. रेडिओ तर मेलाच होता. मेहुण्याला घर आपणच कायमचं बंद केलं अशा चेहऱ्यानं मी ओटीवर आलो.

आबा डोळे मिटून बसले होते. मिशीला कणीक लागली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “काय दम हाय वो पोराच्या छातीत! येका श्वासात केवढं गायला. म्या उगंच त्याला नावं ठिवली. बोलवा त्याला घरी.”

मी तोंड उघडणार तोच बायकोनं असा चिमटा काढला, की मी नुसती मान हलवली.

वसंता आला. आबांच्या कानाशी बसून जीव ओतून गायला. आबांनी सगळं ऐकलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “गातो ब्येस. पर तुमच्या रेडिओत आवाज लय खणखणीत येत व्हता.”

माझ्या रेडिओच्या आवाजाला मिळालेली ही एकमेव पावती. तीही तो बंद असताना.