मेमरी कार्डातली शाळा

एका हुशार पोरीची शाळा मीच बंद पाडली, आणि तीही शाळा वाढवायच्या उत्साहात. हे कबूल करायला मला रिटायर व्हावं लागलं, आजी व्हावं लागलं. तेव्हा मी चौपन्न वर्षांची तरणीताठी होते आणि आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता.

शाळा महागावकडच्या एका बंजारा तांड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक. दिवाळी झाली की तांड्यातली जोडपी ऊसतोडीला निघायची आणि पटावरची निम्मी पोरं त्यांच्यासोबत. दरवर्षी मी दारोदार जाऊन भांडायचे. "पोरीले आजीजवळ ठेवा न! ती नाही आली तर काय ऊस उभा राह्यते?" तिसरीतली एक पोरगी मी आधीची दोन वर्षं अशीच भांडून ठेवून घेतली होती. वाचायची अशी, की जेवायला जा म्हणून पुस्तक हातातून ओढून घ्यावं लागे.

मग एका प्रशिक्षणात मी पॉडकास्ट हा शब्द ऐकून आले. झालं! धडे रेकॉर्ड करायचे, वर्गात स्पीकरवर लावायचे. घरात आवाज फार, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलायचे. आमचे हे बाहेरून म्हणत, "अवं, लुगड्यायले भूगोल शिकवून राह्यली का?"

वर्गात मात्र कमाल झाली. माझ्या तोंडाकडे पाहून जांभया देणारी पोरं स्पीकरकडे पाहून गप्प बसू लागली. मी तिथेच उभी असताना! यात आपला अपमान आहे, एवढंही मला कळू नये? उलट फुगले. ती पोरगी तर स्पीकरच्या पुढ्यातच मांडी घालून बसे.

दिवाळीच्या आधी पालकसभा घेतली. तांड्याच्या नायकापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे आले. मोबाइलवर ऐकायला धडे भरलेली मेमरी कार्डं घरोघरी वाटली आणि एक चिमटीत धरून मी भाषण ठोकलं, "आता शाळा तुमच्यासोबत फडावर येईल!" टाळ्या पडल्या. जी पोरं जातातच, त्यांचा अभ्यास बुडू नये, एवढाच माझा हेतू. पण तो मी मनातल्या मनातच ठेवला, आणि बोलले मात्र भलतंच.

दिवाळी सरली आणि तांड्यावर ट्रक लागला. ती पोरगी मागे चढून बसली होती, मांडीवर सहा महिन्यांचा भाऊ. मी धावत गेले.

"इले काहून नेता? आजीजवळ राहते न ही!"

तिची आई हसली. लबाडी नव्हती त्या हसण्यात. "बाई, तुम्हीच तं सांगतलं, शाळा संगं येते म्हणून. फडावर लेकरू कोन पाह्यन? आता ही लेकरू बी पाह्यते अन् शाळा बी आयकते." पदराची गाठ सोडून तिनं मला माझंच कार्ड दाखवलं.

भांडण्यात मी कधी हार गेले नव्हते. पण माझ्याच भाषणाशी कशी भांडणार? ट्रक गेला. मी हात हलवला, एवढं तरी केलं.

होळीनंतर ती आली. वाचताना अडखळत होती, बेरजा बोटांवर आल्या होत्या. पुढच्या दिवाळीला पुन्हा गेली आणि मग शाळेत आलीच नाही. तिचं नाव मी वर्षभर पटावर ठेवलं, रोज हजेरीत पुकारलं. शेवटी लाल शाईनं रेघ मारली. कपाटात डोकं घालणं तर त्याआधीच सोडलं होतं.

परवा महागावच्या बसस्टँडवर कुणीतरी माझ्या पाया पडलं. मी ओळखलंच नाही. चौदा-पंधरा वर्षांची, हातात पोत्यात गुंडाळलेले दोन कोयते. एक तिचा, एक आईचा. तीच पोरगी, ऊसतोडीला निघालेली. माझी खोड पाहा, एवढं होऊनही मला स्वतःचं कौतुकच ऐकायचं होतं. "काय वं, ते कार्ड आयकत होती का फडावर?" असं मी विचारलं.

"रोज आयकत होती न, बाई. तुम्ही मधातच इचारत होत्या, समजलं का? मी दरखेपी म्हनत होती, नाही समजलं, बाई. पन तुम्ही काही थांबत नव्हत्या."