जेवणापुरतं ओढलेलं शटर

धामणगाव बढ्यात आमचं घर आणि बाबांचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, तोही आईच्या जुन्या साडीचा. अलीकडे आमचा संसार, पलीकडे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी. मोटारीतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, हे बाबांचं काम. त्या वार्निशचा वास आमच्या वरणालासुद्धा यायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला तो कळतही नसे.

मोटार जळते ती नेमकी पीक पाण्यावर आलेलं असताना. हरभरा, गहू भरात आले की दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. येणाऱ्याची घाई खरी असायची, त्यामुळे त्याच्यावर रागावणं बरोबर नव्हतं. मी तरी रागवायचे. बाबांनी पहिला घास तोंडात घातला की शटरखालून हाक यायचीच, "हाये का भाऊ घरी?"

बाबा ताटावरून उठायचे. आई त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि तशीच बसून राहायची. त्यांच्याआधी ती जेवत नसे. मी म्हणायचे, तू जेवून घे, ते काही लवकर येत नाहीत. ती म्हणायची, "एकटीच्या घशाखाली उतरत नाई व मले." बाबा परत यायचे तेव्हा भाकरी वातड झालेली असायची. मग दोघं दोन घास खायचे आणि पुन्हा हाक.

तुम्ही म्हणाल, दुपारी शटर ओढून घ्यायचं. तिथेच सगळं अडत होतं. आमच्या रस्त्यावर अर्धं शटर म्हणजे मालक आत आहे, हाक मारा. आणि भरदिवसा पूर्ण खाली आलेलं शटर म्हणजे त्या घरात माणूस गेलं. ही रीत सगळे दुकानदार पाळायचे. बाबांच्या समोर पूर्ण शटराचं नाव काढलं तरी ते म्हणायचे, "चांगल्या घरात असं काऊन बोलता?"

आईनं त्यांच्याकडे कधी साडी मागितली नाही की कुठे फिरायला न्या म्हटलं नाही. तिचं एकच मागणं होतं. "माह्यासंगं एक जेवण तेवढं सलग करा," ती म्हणायची, आणि बाबा दर वेळी हो म्हणायचे. त्या "हो"ला काही अर्थ नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एका दुपारी बाबा एकाच जेवणातून तिसऱ्यांदा उठून परत आले. आईनं वरचं ताट काढलं, आणि तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बाहेर गेले आणि शटर खणकन पूर्ण खाली ओढून आले. "वाढ," म्हणाले.

अर्धी भाकरी होईपर्यंत बाहेर कुजबुज वाढली. ओट्यावर माणसं जमली, काहींनी डोक्याला रुमाल बांधले. मागच्या दारानं शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून, हंबरडा फोडायच्या तयारीनंच आत शिरल्या, तर समोर आई बाबांना ठेचा वाढतेय. काकू मटकन खालीच बसल्या. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "जित्ती हाओ अजून," ती म्हणाली, "जेवून राह्यलो आमी दोघं."

हा किस्सा पार मोताळ्यापर्यंत पोचला. लोकांनी बाबांची यथेच्छ टर उडवली, पण त्या दिवसापासून गोष्ट रुळली. दुपारी आमचं शटर पूर्ण खाली म्हणजे भाऊ-वैनी जेवतात. नवखा कुणी शटर वाजवायला लागला तर समोरचा पानवालाच त्याला दटावायचा. आता मी ज्या ऑफिसात आहे तिथे काम आणि घर वेगळं कसं ठेवावं हे शिकवायला एक बाई आल्या होत्या. पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. मला आमचं शटर आठवत राहिलं आणि मी उठून बाहेर गेले.

शटर असं खाली आलं की मी मुद्दाम माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायचे. बाहेरच्या खोलीतून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. फार काही नाही, भाजीत मीठ, पाहुण्यांकडचं लग्न, गच्चीवरची गळती. आईची भाजी गरम कशी लागते, हे बाबांना इतक्या वर्षांच्या संसारानंतर तेव्हा कळलं असावं. आई त्या काळात थोडी भरली, चेहऱ्यावर तेज आलं. मला वाटलं होतं, असंच पुष्कळ चालेल.

एकदा गव्हाच्याच दिवसांत, दुपारच्या भाकरी थापता थापता आई म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, आणि भिंतीला टेकून बसली. मी बाबांना हाक मारली आणि मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तव्यावरची भाकरी जळत होती. ती उतरवायचंही मला सुचलं नाही.

बाबा उठले, पडद्यापलीकडे गेले आणि त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं. गावाला कळवायची त्यांना ठाऊक असलेली रीत तीच होती. मग ते येऊन आईजवळ बसले. आम्ही वाट बघत राहिलो. ओट्यावर कुणी आलं नाही. मागच्या दारानंही कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर एक बैलगाडी थांबली. मोटार जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हळू ठेव बे. भाऊ-वैनी जेवून राह्यले."

मला तोंडात पदर कोंबावा लागला. यांच्यावर ओरडायचं तरी कसं? आम्हीच तर त्यांना हे शिकवलं होतं.

बाबांनी जाऊन शटर वर केलं. समोरच्या कडुनिंबाखाली बसलेले दोघं शेतकरी लगबगीनं उभे राहिले. त्यातल्या म्हाताऱ्यानं ओशाळून हात जोडले. "कायले उठले भाऊ? आरामशीर जेवा. आमाले काई घाई नाई."

एवढं ऐकायलाच आई उभा जन्म थांबली होती. बाबा शटर धरून उभे होते.

"तुमची वैनी जेवलीच नाई आज," ते म्हणाले.