फाशी नको, तो हवाय

इथे आखातात, राई भागातल्या एका शोरूममध्ये मॅनेजरने मला माझाच अर्ज मोठ्याने वाचायला लावला. गिऱ्हाइकांसमोर. उभं करून.

“वाच ना. मराठीत सांग, मलाही कळू दे.”

मॅनेजर पुण्याचा. मी गेले होते भाईचं सामान मागायला. माझा भाई याच कंपनीच्या गोदामात होता. गावी जायला त्याने मालकाने ठेवून घेतलेला पासपोर्ट मागितला, म्हणून मालकाने त्याला सळीने मारलं. तिसऱ्या दिवशी भाई गेला. तोवर मालक युरोपात पोचला होता.

मी वाचलं. “माझ्या भावाच्या खुन्याला परत आणा आणि फाशी द्या.”

मॅनेजर हसला. “अजून लिही, बाई! तुझे सगळे अर्ज आमच्या वकिलाने तिकडच्या कोर्टात लावलेत. फाशी होणार असेल तर ते माणूस पाठवतच नाहीत. साहेबांना तूच वाचवलंस. चहा घेणार?”

त्याला बघून गिऱ्हाईकंही हसली.

मी टायपिंग सेंटरमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे अर्ज लिहिते. जेवणाच्या सुट्टीत हे माझे. दर ओळीत फाशी. मला वाटायचं, मी त्याला ठेचतेय.

बसमध्ये डोकं चाललं. इथे खून झाला की खुन्याचे घरवाले वारसांच्या दारात येतात. तनाझुल मागतात, म्हणजे फाशीचा हक्क सोडल्याचा कागद. पाया पडतात. आमच्याकडे कुणीच आलं नाही. त्यांना तो कागद नकोच होता. आमचा संताप हवा होता.

रत्नागिरीला अम्मीला फोन केला. ती किंचाळली, “माफ करतंस त्याला?”

“माफी नाही, अम्मी. त्याला आणायचाय.”

ती म्हणाली, “आणलास की मला दाखव.”

तिने तिकडून सही करून कागद पाठवला. मीही केली. सरकारी वकिलाला लिहिलं: आम्ही वारस फाशी मागत नाही. फाशी देणार नाही अशी लेखी हमी त्या देशाला द्या आणि आरोपी परत मागा. एक प्रत थेट तिकडच्या कोर्टाला.

याला कुणी दया म्हणू नये. फासाच्या आड लपून तो मोकळा फिरतोय. तो आडोसा मी काढणार. हमी मिळेपर्यंत दर आठवड्याला सरकारी वकिलाच्या दारात उभी राहणार. त्याला इथल्या कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा करणार, भाईचं नाव त्याच्या तोंडून वदवणार. मग त्याने जगावं. खूप वर्षं. कोठडीत. पासपोर्टाशिवाय.