कोळणीने केलेली तपासणी

पनवेलच्या मासळी बाजारातली ती कोळीण प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, "घास अडकतो काय?" मगच कोयता उचलते. मागच्या वर्षी तिच्या अन्ननलिकेतला कॅन्सर अगदी सुरुवातीलाच सापडला. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तेवढाच भाग सोलून काढला. त्यावर तिचा अजून विश्वास बसत नाही. "चाळीस वर्सं मासली साफ करतेय, पन पोट न फाडता आतलं काढलेलं कदी बगितलं नाय."

काल मी कबूल केलं की भाकरी कधीकधी छातीत अडकते, पण ते पित्त असावं. तिने मला आ करायला लावलं, कल्ले बघावेत तसं आत पाहिलं आणि वजनकाट्यावरची माझी सुरमई परत पाटीत टाकली.

"आदी दुर्बीण घालून ये. उशीर केलास तर डाक्टर तुला माज्या पद्दतीनं साफ करील."